पवनचक्कीचं फाटक

अल्बी नोस्केने सिगारेट सोडून अकरा वर्षं झाली होती, तरी हल्ली त्याच्या शर्टाच्या खिशात काडेपेटी असायची. बायकोने, ग्लेनिसने, एकदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "रानात फिरणाऱ्या माणसाकडे काडी नको का?" एका माणसाबरोबर चव्वेचाळीस वर्षं काढल्यावर त्याचं कुठलं उत्तर खरं आणि कुठलं वेळ मारून नेणारं, हे बाईला न सांगता कळतं.

काड्यांचा उपयोग वेगळाच होता. फाटक आलं, की अल्बी हॅटच्या पट्ट्यात एक काडी खोचायचा. फाटक बंद असेल तर अख्खी काडी, उघडं असेल तर मोडलेली. पहिल्या फाटकाची काडी डाव्या कानापाशी, मग ओळीने पुढे. त्याच्या गाडीतून डोंगर बघायला आलेल्या गिऱ्हाइकांना वाटायचं, म्हाताऱ्याची हौस आहे. हौस कसली! मार्च महिन्यापासून त्याच्या डोक्यातून गोष्टी निसटायला लागल्या होत्या. चहात दोनदा साखर पडायची, मुलीचा पर्थहून फोन आला तर अर्ध्यातच नातवाचं नाव सापडायचं नाही. तेवढ्याचं त्याला काही नव्हतं. पण एके दिवशी फाटकातून गाडी पलीकडे घेतल्यावर तो खाली उतरला आणि साखळी हातात धरून उभाच राहिला. हे आपण उघडलं, की उघडंच होतं? त्याला काही केल्या आठवेना. त्या दिवशी त्याने दुकानातून काडेपेटी आणली.

ज्यांना आमचा फ्लिंडर्स डोंगरांचा मुलूख ठाऊक नाही, त्यांना यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं वाटेल. आमच्याकडे माणसाची पारख फाटकावरून होते. एकेका मालकाचं रान इतकं मोठं, की एका टोकाची मेंढी दुसऱ्या टोकाच्या मेंढीला जन्मात भेटत नाही. मधे कुंपणं आणि कुंपणांत फाटकं. नियम एकच: फाटक जसं सापडलं तसं सोडायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद. का, ते विचारायचं नाही. ते मालकाला माहीत.

अल्बी सतरा वर्षांचा असताना हे शिकला. बाप रेल्वेच्या रुळांवर मुकादम होता, घरात सात पोरं, त्यातलं हे तिसरं ट्रेलोअर नावाच्या मालकाच्या रानात कामाला लागलं. दुसऱ्याच आठवड्यात एक फाटक लावायचं राहिलं. म्हातारा ट्रेलोअर ओरडला नाही की काही नाही. जेवायला बसलेल्या पोराला म्हणाला, "ताट झाकून ठेव. जा, लावून ये." फाटक अकरा किलोमीटरवर होतं. अल्बी चालत गेला, चालत आला आणि दिवेलागणीला थंड मटण खाल्लं. त्यानंतर चाळीस वर्षं त्याने त्याच रानात कुंपणं राखली, म्हाताऱ्याला पुरलं, त्याच्या मुलाला, रॉसला, पहिल्यांदा घोड्यावर बसवलं आणि एकही फाटक चुकवलं नाही. ही फुशारकी त्याने स्वतः कधी मारली नाही. त्याची गरजच नव्हती, कारण गावात सगळे त्याच्या वतीने मारायचे.

गुडघे गेले तेव्हा त्याने कुंपणाचं काम सोडलं, एक जुनी उंच गाडी घेतली आणि हिवाळ्यात फोटो काढणाऱ्यांना डोंगरांत फिरवायला लागला. स्वतः आयुष्यात एक फोटो काढला नाही. पण कुठला कडा किती वाजता तांबडा होतो, कोरड्या ओढ्यातल्या कुठल्या निलगिरीवर सकाळचं ऊन आधी उतरतं, पिवळ्या पायांचे छोटे कांगारू कुठल्या खडकावर ऊन खायला बसतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. रॉस ट्रेलोअरने त्याला रान मोकळं ठेवलं होतं. गाडीत एकच गोष्ट अल्बीची हट्टाची होती. आमच्याकडे रीत अशी, की चालवणारा उजवीकडे बसतो आणि डाव्या सीटवरच्याने उतरून फाटक उघडायचं. अल्बी मात्र गिऱ्हाइकाला फाटकाला हात लावू देत नसे. स्वतःच उतरायचा, गुडघे कुरकुरले तरी.

त्या जुलैच्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, शनिवारी सकाळी अंगणातल्या बादलीत पाण्यावर बोटभर बर्फ धरलं होतं. ग्लेनिसने मटण-बटाटा भरलेल्या पेस्टी फडक्यात बांधल्या, चहाचा थर्मास भरला आणि म्हणाली, "पोर्ट ऑगस्टाच्या डॉक्टरांची वेळ मिळालीय. गुरुवारी."

"गुरुवारी गाडी ठरलेली आहे."

"कुणाची?"

अल्बी बूट घालत राहिला. गुरुवारी कुणाचीच गाडी ठरलेली नव्हती आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

गाडीत तिघं होती. मेलबर्नचं जोडपं, ग्रेग आणि हाना, दोघंही नव्या कोऱ्या लोकरीत गुंडाळलेली. आणि डाव्या सीटवर मॉइरा. मॉइरा अ‍ॅडलेडला शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली होती आणि गेली चार वर्षं हिवाळ्यात यायची. या वर्षी जूनमध्ये येऊन गेली होती, पण तेव्हा गरुड मिळाला नाही म्हणून पुन्हा आली.

"अल्बी, तुझ्या गरुडाला या वेळी सांगून ठेवलंयस ना?" तिने बसता बसता विचारलं.

"सांगितलंय. पण तो म्हणतो, त्या बाईच्या कॅमेऱ्याचा आवाज फार."

"आणि टोपीत काड्या खोचणं आजही चालूच का? चूल मांडणार आहेस का डोक्यावर?"

"थंडी आहे बाई. म्हातारपणी डोकं आधी गार पडतं," अल्बी म्हणाला आणि मागचे दोघं हसले.

ट्रेलोअरांच्या घरापाशी रॉस गाडीची वाट बघत उभा होता. एरवी तो लांबूनच हात हलवायचा. आज पुढे आला, खिडकीवर कोपर टेकला आणि एक नवी किल्ली अल्बीच्या हातात ठेवली.

"मागच्या वाटेला कुलूप घातलंय. आता त्या बाजूला कुणाला सोडत नाही. तू सोडून."

"टेसला अजूनही नाही?"

"टेसला तर नाहीच," रॉस म्हणाला. "आणि पवनचक्कीचं फाटक उघडंच राहू दे."

गाडी पुढे गेल्यावर मॉइराने विचारलं, "टेस म्हणजे टपालवाली ना? तिने काय केलं?"

अल्बीने सांगितलं. सांगताना त्याचा आवाज कडक झाला. या वर्षी पाऊस नव्हता, मागच्या कुरणातलं तळं आटलं होतं. तिकडे तीनशे गाभण मेंढ्या. म्हणून रॉसने पवनचक्कीचं फाटक उघडं टाकलं होतं, मेंढ्यांनी अलीकडे येऊन पवनचक्कीने भरणाऱ्या डोणीवर पाणी प्यावं म्हणून. जूनमध्ये कुणीतरी ते लावलं. खायला नुसती खारट झुडपं. ती खाल्ली की मेंढीला दुप्पट पाणी लागतं. चार दिवस त्या कुंपणाला लागून उभ्या होत्या. पाण्याचा वास येत होता, डोण दिसत होती. बुधवारी रॉस तिकडे गेला तेव्हा तेवीस मेलेल्या होत्या. काहींची पिल्लं अर्धी बाहेर आलेली.

"शुक्रवारी रॉसने स्वतः फाटक उघडं बघितलं होतं," अल्बी म्हणाला. "टेस मंगळवारी टपालाची थैली घेऊन गेली. ती म्हणते, मंगळवारी ते बंदच होतं, म्हणून मी बंद ठेवलं. आता कुणी काय म्हणावं."

"ती खरं बोलत असेल तर?"

"मग मधे त्या वाटेने गेलं कोण?"

हे बोलताना त्याला गावातल्या दारूच्या गुत्त्यातला तो शुक्रवार आठवला. टेस टेबलाशी उभी होती, तिशीची बाई, एकटीने पोरगी वाढवणारी, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. ती रॉसला म्हणाली होती, "शनिवारी अल्बी गेला होता की." त्यावर सगळा गुत्ता हसला होता. अल्बी आणि फाटक चुकवणार! अल्बीही हसला होता. आणि मग, सगळे ऐकत असताना, तो म्हणाला होता, "ज्याला फाटक आठवत नाही, त्याला या मुलखात चाक फिरवू देऊ नये." माणसांनी माना हलवल्या होत्या. टेस ग्लास तसाच ठेवून निघून गेली, ती पुन्हा गुत्त्यात आली नाही. रॉसने तिला ती वाट बंद केल्यापासून टपाल पोचवायला आठवड्यातून दोनदा साठ किलोमीटरचा वळसा पडत होता. दुकानात लोक तिच्याशी बोलताना पैसे मोजण्यापुरतं बोलत.

पवनचक्की आली. फाटक उघडं होतं. अल्बीने काडी मोडली आणि पट्ट्यात खोचली. कुंपणापलीकडे जमिनीचा मोठा तुकडा काळा पडला होता. तिथे रॉसने मेंढ्या जाळल्या होत्या. ग्रेगने गाडी थांबवायला सांगितली नाही, कॅमेरा मांडीवरच राहू दिला, आणि त्याबद्दल अल्बीला तो माणूस बरा वाटला.

उरलेली सकाळ छान गेली, हे सांगायला हवं. खिंडीच्या तोंडाशी ऊन उतरलं तेव्हा खडकांवरचं दंव वाफ होऊन वर जात होतं आणि त्या वाफेत पिवळ्या पायांचे सहा-सात छोटे कांगारू हात पोटाशी धरून बसले होते. हाना पोटावर पडून फोटो काढत राहिली. ग्रेगची तिपाई दोनदा पडली. कड्याच्या कपारीतून गरुड निघाला, त्याने मॉइराच्या डोक्यावर सावकाश दोन घिरट्या घातल्या आणि मॉइरा, साठी उलटलेली बाई, डोळे पुसत म्हणाली, "पुरे. आता मेले तरी चालेल."

"आधी जेव," अल्बी म्हणाला.

कोरड्या ओढ्याच्या वाळूत, निलगिरीखाली ते जेवायला बसले. पेस्टी अजून कोमट होत्या. वरून गुलाबी काकाकुव्यांचा गलका. जेवण झाल्यावर मॉइराने पिशवीतून एक चपटं पाकीट काढलं.

"तुझ्यासाठी आणलंय. जूनमधले. तू कधी स्वतःचा फोटो बघत नाहीस, म्हणून मुद्दाम मोठे छापून घेतले."

दोन फोटो होते. अल्बीने चष्मा लावला.

पहिल्यात पवनचक्की होती, मागे डोंगराची निळी धार आणि पुढे फाटक. सगळीकडे दंव. मॉइरा गाडीतून उतरून पुढे धावली होती आणि तिने गाडी फाटकातून येताना टिपली होती. काचेआड अल्बीचा चेहरा ओळखू येत होता. फाटक सताड उघडं होतं. साखळी खांबावर लोंबत होती आणि तिच्या एकेका कडीवर दंव तसंच होतं, पांढरं, कुणाचा हात न लागलेलं.

दुसऱ्या फोटोत गाडी पलीकडे उभी होती. आता ऊन आलं होतं. फाटक बंद होतं आणि अल्बी वाकून साखळी अडकवत होता. टोपीच्या पट्ट्यात काड्या. सगळ्या अख्ख्या.

"हा दुसरा मला फार आवडतो," मॉइरा म्हणाली. "तुझे हात बघ ना."

अल्बी हात बघत होता. त्याला सगळं कळायला वेळ लागला नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट. फाटकातून गाडी पलीकडे घेतल्यावर या मंडळींना दंवाचे फोटो हवे होते. वीसेक मिनिटं गेली असतील. मग निघताना त्याने मागे वळून बघितलं, फाटक उघडं दिसलं, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने त्याला वाटलं, हे आपणच उघडलेलं. पवनचक्कीचं फाटक कायम बंद असतं. म्हाताऱ्या ट्रेलोअरच्या वेळेपासून बंद असतं. त्याने ते लावलं आणि अख्खी काडी खोचली. नवख्या माणसाने कुंपणातलं उघडं फाटक बघून उघडंच सोडलं असतं. त्या संध्याकाळी तो दुसऱ्या वाटेने परतला, घरी सात काड्या मोजल्या, सातही अख्ख्या होत्या, आणि समाधानाने झोपला होता. तेव्हा मेंढ्या कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या असतील.

"मॉइरा," तो म्हणाला, "हे कुठल्या तारखेचे?"

"जूनचा दुसरा शनिवार. का रे?"

त्याने फोटो तिच्यापुढे धरले. मॉइरा हुशार बाई. तिने फोटो पुन्हा हातात घेतले, एकदा पहिला बघितला, एकदा दुसरा. मग तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ग्रेग आणि हाना ओढ्याच्या वळणापर्यंत गेली होती, ऐकायला जवळ कुणी नव्हतं.

"त्या मेंढ्या," ती म्हणाली.

"हो."

तिने दोन्ही फोटो पाकिटात घातले. मग हळू आवाजात म्हणाली, "हे फोटो फक्त माझ्याकडे आहेत. घरी गेले की पुसून टाकते. तुझ्या आयुष्यात एक फाटक चुकलं, अल्बी. एक. त्यावरून लोकांनी तुला—"

"बाईला वळसा पडतोय," अल्बी म्हणाला.

"कुणाला?"

"टेसला. साठ किलोमीटर. आणि मी तिच्यासमोर हसलो."

त्याने टोपी काढली, पट्ट्यातल्या काड्या एकेक करून ओढल्या आणि वाळूत टाकल्या. आतापर्यंतच्या चार अख्ख्या, एक मोडकी. बरोबर होत्या की चूक, हे त्याला आता कोण सांगणार होतं? तो फार घाबरला होता. मेंढ्यांसाठी जीव तुटत होता, टेसला जे बोलला त्याची लाज वाटत होती, पण या दोन्हींच्या खाली ती भीती होती: काड्यासुद्धा खोटं बोलल्या. ज्या डोक्यावर भरवसा नाही म्हणून काड्या आणल्या, त्याच डोक्याने त्या खोचल्या होत्या.

दुपारचा कडा त्याने ठरल्याप्रमाणे दाखवला. चार वाजून वीस मिनिटांनी खडक तांबडा झाला, मग जांभळा. ग्रेग म्हणाला, इतकं सुंदर त्याने काही बघितलेलं नाही. अल्बी "हं" म्हणाला. परतताना प्रत्येक फाटक सोडण्याआधी तो मॉइराकडे बघत होता आणि लावायचं की नाही, ते ती मानेनेच सांगत होती.

ट्रेलोअरांच्या घरी पोचले तेव्हा सूर्य नुकताच डोंगराआड गेला होता. रॉस पायरीवर बूट काढत बसला होता. अल्बीने किल्ली त्याच्या हातात दिली, आणि किल्लीबरोबर दोन्ही फोटो.

रॉसने फोटो पाहिले. एका बुटाची नाडी सुटलेली होती, ती तशीच राहिली.

"हे त्या शनिवारचं?"

"हो. मी लावलं, रॉस."

"टेस तेच म्हणत होती. तू तिच्या तोंडावर हसलास."

"हसलो. मला खरंच ठाऊक नव्हतं."

"मे महिन्यात मी तुला सांगितलं होतं, यंदा ते फाटक उघडं राहणार म्हणून."

"सांगितलं असशील."

"असशील नाही, अल्बी. सांगितलं होतं. इथे. याच पायरीवर तू बसला होतास, चहा पीत होतास. तू म्हणालास, तुझ्या बापाने ते कधी उघडं ठेवलं नव्हतं."

अल्बीने आठवून बघितलं. पायरी आठवत होती. चहाचा पेला आठवत होता. रॉस काय बोलला ते कुठेच नव्हतं, जणू ते बोलणं दुसऱ्याच कुणाशी झालं होतं. रॉसने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि जे ओरडायला तो उठला होता, ते त्याच्याच्याने ओरडवेना. याच माणसाने त्याला घोड्यावर बसवलं होतं.

"तेवीस," रॉस एवढंच म्हणाला. "मी एकेक ओढत नेली."

"मला ठाऊक आहे."

"टेसला मी सांगतो."

"नाही," अल्बी म्हणाला. "बोललो मी होतो. चारचौघांत बोललो होतो."

संध्याकाळी पाच-साडेपाचला आमच्याकडे वायरलेसवर बाजार भरतो. कुणाची मेंढी पलीकडे गेली, कुणाचा पंप बसला, कोण उद्या गावात जातंय, सगळं त्यावर. प्रत्येक घरात, प्रत्येक गाडीत तो चालू असतो. अल्बी गाडीत बसला आणि त्याने बोलायचं बटण दाबलं. मागे ग्रेग आणि हाना बसली होती. त्यांना नीट कळलं नसावं, पण हसायची वेळ नाही एवढं कळलं होतं.

"टेस, ऐकतेस का? अल्बी बोलतोय."

खरखर झाली. दोघंतिघं पंपाबद्दल बोलत होते, ते थांबले.

"ऐकतेय," टेसचा आवाज आला. कोरडा.

"पवनचक्कीचं फाटक मी लावलं होतं. शनिवारी. तू मंगळवारी गेलीस तेव्हा ते बंदच होतं. तू जसं सापडलं तसं ठेवलंस, खरं बोललीस. मेंढ्या माझ्यामुळे गेल्या. मी गुत्त्यात जे बोललो ते ऐकलेले सगळे आता ऐकत असतील, त्यांनी हेही ऐकावं. माझं डोकं हल्ली नीट चालत नाही. गुरुवारी डॉक्टरकडे जातोय."

त्याने बटण सोडलं. गाडीच्या टपावर थंडीने पत्रा टकटक करत आकसत होता. ग्लेनिसही स्वयंपाकघरात ऐकत असणार, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

"ऐकलं, अल्बी," टेस म्हणाली. मग तिने विचारलं, "घरी कसा जाणार आहेस?"

अल्बीने गाडीच्या किल्लीकडे बघितलं. ती लावलेलीच होती. ज्याला फाटक आठवत नाही, त्याला चाक फिरवू देऊ नये. वाक्य चांगलं होतं, खरंही होतं, म्हणून त्याने ते बोलताना एवढा जोर लावला होता.

"मॉइरा चालवेल," तो म्हणाला आणि बटण सोडलं.

मॉइराने वाद घातला नाही. दोघांनी जागा बदलल्या. ती उजवीकडे बसली, सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. अल्बी गाडीला वळसा घालून डावीकडे आला. त्या सीटवर तो कधी बसलेला नव्हता. पट्टा शोधायला त्याला वेळ लागला. रॉस पायरीवरून उठून फोटो हातात धरून तसाच उभा होता. त्याने हात हलवला नाही, पण घराच्या फाटकाबाहेरचा दिवा लावला, वाट दिसावी म्हणून.

रस्त्याला लागायच्या आधी शेवटचं एक फाटक होतं. मॉइराने गाडी थांबवली आणि समोर बघत बसली. डाव्या सीटवरच्याने उतरायचं, ही रीत तिला चार वर्षांत ठाऊक झाली होती. अल्बी उतरला. साखळी बर्फासारखी गार होती. त्याने फाटक उघडलं, गाडी पलीकडे गेली, तिचे मागचे तांबडे दिवे लागले. तो साखळी हातात धरून उभा राहिला.

आठवत नव्हतं. आत्ता, अर्ध्या मिनिटापूर्वीचं, आठवत नव्हतं.

सतराव्या वर्षापासून त्याने हे कुणाला विचारलं नव्हतं. त्याने मान वर केली आणि मेलबर्नच्या त्या परक्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली.

"मॉइरा, हे उघडं होतं, की बंद?"

"बंद होतं, अल्बी," खिडकीतून मॉइरा म्हणाली.

त्याने फाटक ओढून घेतलं, साखळी अडकवली, एकदा हलवून बघितली आणि गाडीत जाऊन बसला.